तेरीज जुळली तरी

अण्णांच्या वह्यांच्या कडा पिवळ्या असायच्या. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात ते तीस-पस्तीस वर्षं दिवाणजी होते, आणि हळदीच्या पेठेत काम करणाऱ्या माणसाच्या अंगाला, कपड्यांना, कागदाला ती पूड लागतेच. पान उलटताना अंगठा टेकतो तो कोपरा सगळ्यांत गडद. कीर्द, रोजमेळ, खतावणी, सगळ्या लाल कापडी बांधणीच्या. रात्री रोजमेळाची शिल्लक गल्ल्यातल्या रोकडीशी जुळल्याशिवाय ते दुकानातून निघत नसत. आई ताटं पालथी घालून वाट बघायची. एकदा साडेदहा वाजले. फरक होता सव्वा रुपयाचा.

माझं काम काय, असं मला नात्यातलं कुणी विचारलं की मी आधी अण्णांच्या वह्यांची आठवण करून देते. मी पदार्थविज्ञान शिकवते, आणि उरलेल्या वेळात, म्हणजे संध्याकाळी, सुट्टीत, परीक्षेचे पेपर तपासून झाले की, संगणकावर अतिशीत प्लाझ्माचं सिम्युलेशन करते. प्रयोगशाळा नाही, लेसर नाही. एक बरा संगणक, एक यूपीएस आणि फोरट्रान या जुन्या संगणकभाषेत लिहिलेला, वीस वर्षं डागडुजी करत आणलेला एक प्रोग्रॅम. त्या प्रोग्रॅमचं काम हिशेबाचंच आहे. हजार कण, प्रत्येकाची जागा, प्रत्येकाचा वेग, आणि प्रत्येकाचं दुसऱ्या प्रत्येकाशी असलेलं देणंघेणं.

प्लाझ्मा हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर सूर्य येतो, वीज येते, ट्यूबलाइट येते. अणूमधला इलेक्ट्रॉन सुटून बाहेर पडला की मागे धन भार असलेला आयन उरतो. अशा सुट्या इलेक्ट्रॉन-आयनांची गर्दी म्हणजे प्लाझ्मा. इलेक्ट्रॉन सुटायला उष्णता लागते. किती उष्णतेला किती अणू फुटतात याचं समीकरण मेघनाद साहांनी १९२० साली मांडलं, आणि ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचं तापमान वाचण्याची किल्ली खगोलशास्त्राच्या हाती दिली. त्या समीकरणात निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसच्या, जवळचं तापमान घातलं तर उत्तर येतं की इथे प्लाझ्मा असणारच नाही.

आणि तरीही १९९९ साली अमेरिकेतल्या गेदर्सबर्ग इथल्या राष्ट्रीय मानक संस्थेत थॉमस किलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बनवला. साहांचं समीकरण निवांत, समतोलाला आलेल्या वायूबद्दल बोलतं. यांनी समतोलाला वेळच दिला नाही. झेनॉनचे अणू लेसरने थंड केले, इतके की तापमान निरपेक्ष शून्याच्या वर एका केल्विनच्या काही लाखांश भागांवर आलं. मग दुसऱ्या लेसरचा एक क्षणिक झोत टाकून त्यांचे इलेक्ट्रॉन सोडवले. झोताची ऊर्जा इतकी नेमकी ठेवली की इलेक्ट्रॉन जेमतेम उंबरा ओलांडेल. अंतराळातली सगळीकडची पार्श्वभूमी २.७ केल्विनची असते. त्याहून थंड आयनांचा हा ढग काही मिलिमीटरचा, आणि हवेपेक्षा अब्जावधी पटींनी विरळ.

पुण्यात पीएच.डी.ला असताना सरांनी मला पहिलं काम दिलं ते हे. हजार आयन एका चौकोनी पेटीत विखरून ठेव, वेग सगळ्यांचा शून्य, आणि घड्याळ सुरू कर. इलेक्ट्रॉनांना सध्या नुसती पार्श्वभूमी धर. हजार कणांच्या जोड्या होतात ४,९९,५००. प्रत्येक जोडीचं अंतर काढायचं, त्यावरून बल, बलावरून प्रत्येकाचा नवा वेग, वेगावरून नवी जागा. ही झाली एक पायरी. अशा हजारो पायऱ्या. कण चौपट केले तर जोड्या सोळापट होतात, म्हणून मोठी गर्दी घ्यायचा मोह आवरावा लागतो. पेटीच्या उजव्या भिंतीतून बाहेर पडलेला कण डाव्या भिंतीतून आत घ्यायचा, म्हणजे भिंतच नसल्यासारखं होतं.

मी आयन शून्य तापमानाला सोडले, आणि ते तापले.

कुणी तापवले नव्हते. पेटीत बाहेरून काही येत नव्हतं. तरी डोळ्याचं पातं लवायच्या आत, म्हणजे खऱ्या घड्याळात एका मायक्रोसेकंदापेक्षा कमी वेळात, तापमानाचा आलेख उभा चढला आणि एका केल्विनच्या आसपास जाऊन थांबला. माझी खात्री झाली की प्रोग्रॅम चुकलाय. तीन आठवडे मी चूक शोधत होते. पायरीचा काळ निम्मा केला, मग पाव केला. भिंतींचा हिशेब पुन्हा लिहिला. हाताने दहा जोड्यांची बलं काढून पाहिली. वसतिगृहाच्या खोलीत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत छापील कागद पसरून बसायचे, आणि प्रत्येक कागदावर खालच्या ओळीत एकूण ऊर्जा सहाव्या अंकापर्यंत तीच. शेवटी सरांकडे गेले. त्यांनी आलेख पाहिला आणि विचारलं, "एकूण ऊर्जा टिकतेय ना? मग वेगाच्या नावावर जमा झालीय ती कुणाच्या नावावरून गेली ते बघ."

त्यांना उत्तर माहीत होतं. ते त्या वेळी छापूनही आलं होतं. त्यांनी मला सांगितलं नाही, आणि त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

ऊर्जा गेली होती जागेच्या नावावरून. गणपतीच्या देवळासमोर संकष्टीला दर्शनाची गर्दी असते तशी कल्पना करा. कुणी खांद्याला खांदा लावून उभं, कुणी हातभर लांब, कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. थंड अणू तसे असतात, उदासीन, कुठेही कसेही विखुरलेले. आणि एका क्षणात त्या सगळ्यांचं एकमेकांशी वैर झालं तर? जे दोघे अगदी जवळ होते ते सगळ्यांत जोरात फेकले जातील. लेसरच्या झोताने नेमकं तेच केलं: प्रत्येकाला धन भार दिला, आणि जी विस्कळीत मांडणी आतापर्यंत निरुपद्रवी होती ती एकदम खर्चिक ठरली. म्हणजे वेग शून्य होता तेव्हाही उष्णता तिथे होतीच, फक्त ती मांडणीच्या खात्यावर पडून होती.

हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही. तोवर मी समजत होते की तापमान म्हणजे कणांची धावपळ, बस. शाळेपासून तेच शिकले होते, आणि आता स्वतः तेच शिकवते. पण कण एकमेकांशी बोलायला लागले की धावपळ ही अर्धीच गोष्ट उरते. उरलेली अर्धी गोष्ट कोण कुणाशेजारी उभं आहे ही.

पुढे २००४ साली ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात किलियन यांच्या गटाने स्ट्रॉन्शियमच्या आयनांवर हे मोजलं. स्ट्रॉन्शियमचा आयन जांभळ्याकडे झुकणारा निळा प्रकाश शोषतो. शोषणाची रेघ किती रुंदावली यावरून आयनांचे वेग कळतात. काही मिलिकेल्विनवरून निघालेले आयन केल्विनच्या घरात पोचलेले त्यांना दिसले. आणि आणखी एक गोष्ट दिसली, जी माझ्याही आलेखात होती आणि जिला मी त्या तीन आठवड्यांत हमखास चूक समजले होते: तापमान चढून थेट स्थिर होत नाही, थोडं वर जातं, खाली येतं, पुन्हा वर. दूर फेकलेला आयन पलीकडच्या शेजाऱ्यावर आदळून परत येतो, त्याचा तो हेलकावा.

या क्षेत्रात एक अंक सगळे सांभाळून असतात. त्याला गॅमा म्हणतात: शेजाराची ऊर्जा भागिले धावपळीची ऊर्जा. सूर्याच्या गाभ्यात तो एकाहून बराच कमी, म्हणजे धावपळ जिंकते. गॅमा सुमारे १७५ झाला की गर्दी शिस्तीत उभी राहते, आयनांचा स्फटिक होतो. विझत चाललेल्या श्वेतबटू ताऱ्यांच्या पोटात हे घडतं, जिथे चमचाभर द्रव्याचं वजन टनांत मोजायचं. तिथे तापमान लाखो अंश, तरी गर्दी इतकी दाट की शेजारच वरचढ. इकडे आमचा ढग हवेहून विरळ, पण थंडी इतकी की भागाकार त्याच दिशेने सरकतो. भागाकाराला अंश किती मोठा आणि छेद किती लहान याचं काही नाही. म्हणून टेबलावरच्या ढगात मृत ताऱ्याच्या पोटातली गोष्ट वाचता येते. मला या विषयात धरून ठेवलंय ते या भागाकाराने.

मांडणीतून सुटणारी ती उष्णता गॅमाला दोन-तीनच्या वर जाऊ देत नाही. २०१९ च्या जानेवारीत राइसच्या गटाने प्लाझ्मा तयार झाल्यावर त्यातले आयन पुन्हा लेसरने थंड केले, ५० मिलिकेल्विनपर्यंत, आणि गॅमा ११ वर नेला. त्याच महिन्यात गाया या अवकाश दुर्बिणीच्या नोंदींवरून श्वेतबटूंच्या पोटात स्फटिक होत असल्याचा पुरावा प्रसिद्ध झाला. दोन्ही निबंध मी एकाच आठवड्यात छापून घेतले आणि एकाच टाचणीत टाचले.

ती टाचण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भिजली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तो महापूर. धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या गल्लीत पाणी शिरायला लागल्यावर आम्ही आधी आईच्या औषधांचा डबा, मग अण्णांच्या वह्या, मग संगणक असं वरच्या मजल्यावर चढवलं. वह्यांचा क्रम अण्णांनी ठरवला होता. दुकान सोडून त्यांना बारा वर्षं झाली होती, त्या वह्या कुणाला लागणार नव्हत्या, तरी.

पूर ओसरल्यावर कितीतरी दिवस आम्ही पाण्यात तुरटी फिरवून पातेली रात्रभर ठेवायचो. सकाळी वर नितळ, तळाला गाळाचा बोटभर थर. त्या दिवसांत मला एक गोष्ट नव्याने समजली, जी मी कित्येक वर्षं वापरत होते: क्वांटम वायूच्या सिम्युलेशनमधला काल्पनिक काळ.

प्लाझ्मातल्या आयनाला माझ्या प्रोग्रॅममध्ये जागा असते, वेग असतो. पण वायू त्याहून कितीतरी थंड केला की कणांना वेगळी ओळख उरत नाही. सत्येंद्रनाथ बोसांनी १९२४ साली आइन्स्टाइनना पाठवलेल्या निबंधातून निघालेली ही वाट १९९५ साली अमेरिकेतल्या बोल्डरच्या प्रयोगशाळेत पोचली: एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांनी रुबिडियमचे काही हजार अणू एका केल्विनच्या दोन कोट्यांश भागाहूनही खाली नेले आणि ते सगळे एकच लहर होऊन बसले. अशा वायूचं सिम्युलेशन करताना कणांची यादी नसतेच. पेटीचे बारीक घरांत भाग करायचे, एका बाजूला १२८ घरं धरली तर एकूण सुमारे २१ लाख, आणि प्रत्येक घरात लहरीची उंची लिहायची. ग्रॉस-पितायेव्हस्की समीकरण ती लहर पुढे नेतं. प्रश्न असा, की सुरुवातीची शांत, सगळ्यांत कमी ऊर्जेची लहर आणायची कुठून? तर समीकरणातला काळ काल्पनिक करायचा. गणितातली काल्पनिक संख्या, तीच. मग लहर हलायचं सोडून निवळायला लागते: जास्त ऊर्जेचे भाग भराभर विरतात, कमी ऊर्जेचा सावकाश. सगळंच थोडं थोडं विरत असल्याने दर पायरीला एकूण अणूंची संख्या पुन्हा पूर्ववत करून घ्यायची, आणि निवळेपर्यंत थांबायचं. वर नितळ उरतं ते हवं असलेलं उत्तर. निवळणं हा शब्द वर्गात वापरायला लागल्यापासून मुलांना हे समजावताना मला फळा लागत नाही.

साहा आणि बोस कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात एकाच वर्गात होते. एकाच्या नावाने प्लाझ्माचं समीकरण, दुसऱ्याच्या नावाने क्वांटम वायूची आकडेमोड, आणि आज या दोन वाटा एकाच लेसरच्या टेबलावर भेटतात. २००१ साली मायकेल म्युरिलो यांनी सुचवलं होतं की प्लाझ्मा बनवायच्या आधीच वायू क्वांटम अवस्थेत न्या, फर्मी जातीच्या अणूंचा. ते अणू स्वभावानेच एकमेकांच्या फार जवळ येत नाहीत. मग झोत पडेल तेव्हा मांडणी आधीच सुटसुटीत असेल आणि तापायला कारणच कमी उरेल. मला ही कल्पना विलक्षण आवडते. भांडण झाल्यावर पांगवण्यापेक्षा आधीच अंतर ठेवून उभं करणं.

आता ज्याबद्दल मला खरं लिहायचंय ते.

पुढच्या टप्प्यात मी इलेक्ट्रॉनही कण म्हणून आत घेतले. इलेक्ट्रॉन आणि आयन एकमेकांना ओढतात, आणि अंतर शून्याकडे गेलं की हे ओढणं अनंताकडे जातं. संगणकाला अनंत झेपत नाही. म्हणून सगळे करतात तसं मीही बल मऊ केलं: अगदी जवळच्या अंतराला ओढ वाढायची थांबते, टोक गोल होतं. मी हा गोलवा कणांमधल्या सरासरी अंतराच्या दहाव्या भागाइतका ठेवला. प्रोग्रॅम सुरेख चालला. एकूण ऊर्जा सातव्या अंकापर्यंत टिकली. आणि उत्तर असं आलं की इलेक्ट्रॉन थंड ठेवले तर थंडच राहतात. मी तो आलेख एका परिसंवादात दाखवला.

तो चुकीचा होता. थंड इलेक्ट्रॉन थंड राहत नाहीत. दोन इलेक्ट्रॉन एका आयनाजवळ एकदम आले की एक त्याला बांधला जातो आणि दुसरा सुटलेली ऊर्जा घेऊन पळतो, बाकीच्यांना तापवतो. तापमान निम्मं केलं तर हे घडण्याचा वेग बावीस पटींहून जास्त वाढतो. असे सैल बांधलेले, फुगलेले अणू गेदर्सबर्गच्या गटाने २००१ मध्येच प्लाझ्मात पाहिले होते. माझ्या पेटीत ते बनले नाहीत, कारण मऊ केलेल्या ओढीचा खड्डा इतका उथळ होता की त्यात इलेक्ट्रॉन पडून राहूच शकत नव्हता. चूक अशी, की तिने ऊर्जेचा ताळा जराही बिघडवला नाही.

घरी आल्यावर मी अण्णांना विचारलं, हिशेब जुळूनही चुकतो का कधी? ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एकदा चुकला होता." तासगावकडच्या एका शेतकऱ्याच्या हळदीची रक्कम त्यांनी त्याच नावाच्या, दुसऱ्या गावच्या माणसाच्या खात्यावर खतावली होती. जमा तेवढीच, नावे तेवढंच. तेरीज जुळली. महिनाअखेर जुळली, पुढच्या महिन्यात पुन्हा जुळली. "दोन महिन्यांनी तो विक्रीच्या हिशेबाची पट्टी घेऊन दारात आला, तेव्हा कळलं. त्याच्या घरी कार्य होतं गं. पैसे अडले." हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट.

तेव्हापासून मी आलेखावर ऊर्जेचा ताळा छापते, पण त्याच्या शेजारी दुसऱ्या कुणाची तरी पट्टी असल्याशिवाय तो कुणाला दाखवत नाही. पट्टी म्हणजे प्रयोगातून मोजलेला अंक. माझ्या पेटीबाहेर राहणाऱ्या, माझा प्रोग्रॅम न वाचलेल्या माणसाने मोजलेला.

गेल्या महिन्यात मी गोलवा दहापट कमी केला. त्यापायी पायरीचा काळही फार लहान करावा लागला, आणि जे काम एका रात्रीत व्हायचं त्याला नऊ दिवस लागले, त्यात दोनदा लाइट गेली. दर हजार पायऱ्यांनी सगळे आकडे डिस्कवर लिहून ठेवते, म्हणून निभावलं. नवव्या दिवशी संध्याकाळी कणांचं हलतं चित्र लावलं: आयन लाल, इलेक्ट्रॉन पांढरे. अण्णा खुर्ची ओढून शेजारी बसले. त्यांचं वय आता एक्क्याऐंशी. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना बारीकसारीक सगळं दिसतं. मी उजवीकडचा तापमानाचा आकडा बघत होते. ते पेटीच्या डाव्या कोपऱ्यात बघत होते.

"ती दोघं मगापासून एकमेकांना सोडंनात बघ."

मी चित्र थांबवलं. मागे नेलं, हळू चालवलं. एक पांढरा ठिपका एका लाल ठिपक्याभोवती फिरत होता, लांबट, वेडीवाकडी फेरी, पण फेरीच. फाइल उघडून त्या दोघांची मिळून ऊर्जा काढली. ऋण, म्हणजे एकमेकांना बांधलेले. आणि त्याच सुमाराला दुसरा एक इलेक्ट्रॉन तिथून जोरात निघून गेलेला.

अण्णांना मी सांगितलं की हा आता सुटा राहिला नाही, अणूत गेला. त्यांनी चष्मा पुसला. "मग ह्याला प्लाझ्माच्या खात्यावर धरायचं का अणूच्या?"

मी म्हटलं, अजून नक्की नाही. बांधणी सैल आहे, येणारा-जाणारा एखादा इलेक्ट्रॉन धक्का देऊन त्याला पुन्हा सोडवेल. खड्ड्यात आणखी खोल गेला तर मग राहील.

"मग कच्च्या वहीत ठेव," ते म्हणाले, आणि मी चित्र पुन्हा सुरू केलं.